एक नळ, अनेक बिऱ्हाडे

जिन्यातल्या दिव्याचे बिल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न इतिहासाच्या व्याख्यानात यावा ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. लढाया, तह, राज्यारोहणे ह्यांच्या पंक्तीला पाणीपट्टी आणि विजेचा आकडा बसवणे म्हणजे इतिहासाची थट्टा, असेही कोणी म्हणेल. परंतु आम्हांस असे वाटते की, शहरात राहणाऱ्या माणसाचा सरकारशी, कायद्याशी आणि शेजाऱ्याशी जो रोजचा संबंध येतो, तो बहुतांशी ह्या कागदांतूनच येतो. तहनामा आयुष्यात एखाद्याच्याच वाट्याला येतो. बिल दर महिन्याला सर्वांच्याच दारी येते. एका छपराखाली मालक आणि चार-दहा बिऱ्हाडे राहात असली म्हणजे त्या कागदावरून जी भांडणे होतात, ती केवळ माणसांच्या स्वभावामुळे होतात अशी आपली समजूत आहे. ती अपुरी आहे, हे आज दाखवावयाचे आहे. भांडणाचे मूळ स्वभावाच्या आधी व्यवस्थेत आहे, आणि त्या व्यवस्थेला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रथम बिल नव्हते तेव्हाची स्थिती पाहू. पुण्याच्या जुन्या वाड्यात पाणी आडाचे असे, किंवा हौदाचे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तेथून दगडी बांधणीच्या नळाने शहरात पाणी आणले गेले, आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले गेले. ह्या पाण्याला पैसा पडत नसे असे नाही; तो राज्याच्या आणि धनिकांच्या तिजोरीतून पडत असे. बिऱ्हाडकरूला त्याची किंमत पैशांत नव्हे, श्रमांत मोजावी लागे. जो रहाट ओढील त्याला पाणी. त्यातही जातीपातीची कुंपणे होती, आणि ती बिलाहून फार कठोर होती. त्यामुळे त्या काळाची आठवण काढून गहिवरण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मुद्दा इतकाच की, मालक आणि बिऱ्हाडकरू ह्यांच्यामध्ये पाण्याचा हिशेब म्हणून काही कागद नव्हता.

तो कागद आणला नळाने. मुंबई बेटावर विहिरी आणि तलाव अपुरे पडू लागले, तेव्हा विहारचा तलाव बांधण्यात आला आणि १८६० मध्ये तेथील पाणी शहरास मिळू लागले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. पाणी दाराशी आले, आणि त्याच्या पाठोपाठ पट्टीही आली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात मालमत्ता करांची जी यादी आहे, तीत सर्वसाधारण कराबरोबर पाणीपट्टी आहे, आणि मैला-सफाईसाठी घेतला जाणारा, ‘हलालखोर कर’ ह्या नावाचा करही तीत होता. ह्या करांचा बोजा कोणावर? घर भाड्याने दिलेले असेल तर तो प्रथमतः भाड्याने देणारावर, असे कायद्याने ठरवले. कर किती? तर त्या घराला वर्षाकाठी जे वाजवी भाडे येऊ शकेल, त्यातून दुरुस्तीखातर शेकडा दहा वजा करून राहणाऱ्या रकमेच्या प्रमाणात.

श्रोत्यांनी ह्या दोन वाक्यांकडे जरा लक्ष द्यावे. पुढचा सारा इतिहास त्यांतून निघाला आहे. पहिल्या वाक्याने असे केले की, पाणी पिणारे शंभर असले तरी नगरपालिकेच्या वहीत नाव एकच राहिले. नगरपालिकेच्या दृष्टीने हे सोयीचेच होते. शंभर खोल्यांत शंभर कारकून पाठवण्यापेक्षा एका मालकाच्या पेढीवर एक बिल पाठवणे स्वस्त पडते. दुसऱ्या वाक्याने असे केले की, पाण्याचे माप पाणी राहिले नाही, भाडे झाले. एका खोलीत नवरा-बायको दोघेच आहेत आणि शेजारच्या तेवढ्याच खोलीत नऊ माणसे आहेत. दोन्ही खोल्यांचे भाडे सारखे, म्हणून पाण्याचा वाटाही सारखा. सकाळी नळकोंडाळ्यावर बादल्यांची जी रांग लागे, तीत मात्र दोन माणसे आणि नऊ माणसे सारखी कधीच नव्हती. वहीतला हिशेब आणि नळावरचा हिशेब असे दोन हिशेब जन्माला आले, आणि ह्या दोहोंच्या फटीत भांडण शिरले.

तरीही बराच काळ हे भांडण उघडे पडले नाही. कारण पट्टी भाड्याच्या पोटात दडलेली होती. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने चाळी उभारल्या. पुढे १९२० नंतर विकास खात्याच्या चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे उभ्या राहिल्या. खाजगी मालकांच्या चाळी तर गिरणगावात आणि गिरगावात दाटीने होत्याच. चाळीतल्या खोलीचे भाडे म्हणजे खोली, नळ, संडास, जिना ह्या साऱ्यांचे मिळून एक भाडे. पहिल्या आठवड्यात मेहताजी यायचे, भाडे घ्यायचे आणि पावती फाडायचे. त्या पावतीवर पाण्याचा वेगळा रकाना नसला तरी कोणाचे अडत नसे. मालकाला पट्टी वाढली की भाडे वाढवता येत होते, आणि भाडेकरूला ते जड झाले की खोली सोडता येत होती. निदान पुस्तकातल्या अर्थशास्त्राप्रमाणे तरी तसे होते.

पहिल्या महायुद्धाने हे पुस्तक मिटवले. शहरात माणसे वाढली, घरे वाढली नाहीत, भाडी भडकली. १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा युद्धकालीन कायदा आला. १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पुन्हा तसाच कायदा करावा लागला. आणि १९४७ मध्ये मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम झाला. ह्याच कायद्याने पुढची पन्नास वर्षे आपल्या शहरांतील घरे चालवली. त्याने ‘प्रमाण भाडे’ ठरवले, आणि ते ठरवताना बहुतेक घरांच्या बाबतीत १ सप्टेंबर १९४० ह्या दिवशीचे भाडे आधारास धरले. भाड्याचे घड्याळ त्या दिवशी थांबवण्यात आले.

भाडे थांबले, पण पट्टी थांबेना. धरणे लांब लांब बांधावी लागली, नळ वाढले, पगार वाढले, करही वाढले. मग वाढलेली पट्टी मालकाने कोठून द्यावी? कायद्याने त्याचे उत्तर दिले होते. कराचा बोजा जेवढा नव्याने वाढेल तेवढी वाढ मालकाने भाड्यात करावी. मात्र त्याहून अधिक करू नये. ह्या वाढीला ‘अनुज्ञेय वाढ’ म्हणतात. आमच्या मते मालक-भाडेकरूंच्या इतिहासातले हे एक मोठे वळण आहे. कारण पाणीपट्टी भाड्याच्या पोटातून बाहेर पडली ती येथे. आता पावतीवर ‘भाडे’ आणि ‘वाढीव कर’ असे दोन आकडे दिसू लागले. दोन आकडे दिसले की दुसऱ्याचा पुरावा मागितला जाणारच. “बिल दाखवा” हे वाक्य भाडेकरूच्या तोंडी आले. हे वाक्य मालकाला उद्धट वाटले आणि भाडेकरूला रास्त वाटले. आणि दोघांनीही आपापल्या परीने खरेच बोलले असे म्हणावे लागेल. ज्या मालकाला खोलीमागे हातावर मोजण्याइतके रुपये मिळत होते, त्याला तेवढ्यासाठी दप्तर उघडून दाखवणे जाचक वाटे. ज्या भाडेकरूचे घर त्या आकड्यावर टांगलेले होते, त्याला तो आकडा पाहिल्यावाचून झोप येत नसे. टांगलेले असे आम्ही जाणून म्हणतो; कारण प्रमाण भाडे आणि अनुज्ञेय वाढ ही दोन्ही देण्यास भाडेकरू तयार असेल तोवरच त्याला कायद्याचे संरक्षण होते. पाण्याचा वाटा थकला तर घर हातचे जाण्याची वेळ येऊ शकत होती.

इतक्यात विजेचे आगमन झालेले होते. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली; १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईस येऊ लागली; आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये ती कंपनी महापालिकेने ताब्यात घेतली, तीच आजची ‘बेस्ट’. विजेची जात पाण्याहून निराळी. ती पहिल्यापासून मोजून विकली गेली. शिवाय १९१० च्या भारतीय वीज कायद्यात पुरवठ्याची मागणी करण्याचा हक्क घराच्या मालकाला किंवा त्यात राहणाराला, असा दोघांनाही होता. म्हणजे पाण्याच्या वहीत भाडेकरूला नाव नव्हते, ते विजेच्या वहीत मिळू शकत होते. स्वतःच्या नावाचे मीटर ही चाळीतल्या माणसाला मोठी प्रतिष्ठेची गोष्ट वाटे, ती उगीच नव्हे. शिधापत्रिकेनंतर त्याचे नाव आणि पत्ता एकत्र छापलेला बहुधा तोच एक कागद असे.

परंतु हक्क कायद्यात असणे आणि तार भिंतीवर असणे ह्यांत अंतर असते. भिंत मालकाची. जुन्या वाड्यांतून असे पुष्कळ दिवस चालले की, मीटर एक, तो मालकाच्या ओटीवर, आणि बिऱ्हाडांकडून दर दिव्यामागे महिन्याला ठरावीक पैसे घ्यावयाचे. “काकू, आमच्याकडे दिवा एकच आहे,” असे बिऱ्हाडकरू म्हणे. “पण तो रात्री बारापर्यंत जळतो,” असे मालकीणबाई म्हणत. मुलाची परीक्षा जवळ आलेली असे, आणि मालकीणबाईंना ते ठाऊकही असे. पण मीटरला ते ठाऊक नसे. पुढे इस्त्री आली, रेडिओ आला, पंखा आला, आणि ‘दिव्यामागे’ हे माप मोडले. मग प्रत्येक बिऱ्हाडाला सबमीटर बसवण्याचा मार्ग निघाला.

सबमीटरने न्याय होतो असे वाटते. पण त्यातही एक मेख आहे, ती हिशेबाने पाहावी. आज आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या दरपत्रकात पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, १०१ ते ३०० ची त्याहून महाग, ३०१ ते ५०० ची आणखी महाग. समजा, एका घरात पाच बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकी ८० युनिटे जळतात. पाच स्वतंत्र मीटर असतील तर चारशेच्या चारशे युनिटे स्वस्त दराने पडतील. तीच चारशे युनिटे एका मीटरवर आली की शंभर स्वस्त दराने, दोनशे मधल्या दराने आणि शंभर तिसऱ्या दराने. मालकाने एक पैसाही अधिक घेतला नाही, तरी भाडेकरूला वीज महाग पडते. आणि भाडेकरू शेजारच्या घरातले बिल पाहून म्हणतो की, मालक आपल्याला लुटतो. येथे लुटणारा कोणीच नाही. पाच घरांना एक नाव दिल्याचा हा परिणाम आहे.

आता ह्या इतिहासातल्या सर्वांत कटू भागाकडे वळावयास हवे. भाडे वाढवता येत नाही, भाडेकरू काढता येत नाही, अशा स्थितीत काही मालकांच्या हाती एकच हत्यार उरले. ते म्हणजे नळाची चावी आणि विजेचा खटका. पंप बिघडला म्हणावयाचे आणि दुरुस्त करावयाचा नाही. जिन्यातला दिवा गेला म्हणजे तो गेलेलाच ठेवावयाचा. ह्याहून सूक्ष्म युक्ती अशी की, स्वतः काहीच करावयाचे नाही. फक्त नगरपालिकेची पट्टी थकू द्यावयाची, म्हणजे नगरपालिकाच पाणी तोडते आणि मालकाचे हात स्वच्छ राहतात.

१९४७ च्या कायद्याचे चोविसावे कलम ह्याच हत्यारासाठी लिहिलेले आहे. अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा मालकाने न्याय्य कारणावाचून तोडू नये वा रोखू नये, असे ते सांगते. अत्यावश्यक म्हणजे काय, ह्याची यादीही दिली आहे. तीत पाणी, वीज, बोळातले आणि जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि सफाई ह्या गोष्टी आहेत. कायदा लिहिणाऱ्याने जिन्यातल्या दिव्याचे नाव मुद्दाम घेतले, ह्यावरून त्याने चाळीचा जिना चढलेला होता असे आम्ही समजतो. आणि त्या सूक्ष्म युक्तीचाही त्यात बंदोबस्त आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे स्थानिक संस्थेने पुरवठा तोडला, तरी तो मालकानेच रोखला असे धरावयाचे. भाडेकरूने न्यायालयात जावे, आणि न्यायालयाने अमुक तारखेच्या आत पुरवठा सुरू करण्याचा हुकूम द्यावा. ह्याच कायद्यात आणखी एक साधे कलम आहे, ते असे की, घेतलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती मालकाने दिलीच पाहिजे.

मालकाची बाजू येथे मांडली नाही तर आम्ही अर्धा इतिहास सांगितला असे होईल. १९४० चे भाडे १९६० मध्येही तेच आणि १९९० मध्येही तेच, ह्याचा अर्थ असा की, अनेक घरांत भाड्याच्या रकमेत घराची डागडुजी करणे अशक्य झाले. गळके छप्पर, कुजलेले वासे आणि गंजलेले नळ ह्यांत मालकाचा दुष्टपणा जितका होता, तितकाच त्याचा कंटाळा आणि नाइलाजही होता. १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य ह्यांच्या खटल्यात सांगितले की, गोठवलेल्या भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने मालकाला भाड्यात वर्षाला शेकडा चारची वाढ करण्याचा हक्क दिला. पण पाणी आणि दिवा तोडण्याची मनाई तशीच ठेवली. ती आता एकोणतिसाव्या कलमात आहे. भाड्याबद्दल कायद्याने मत बदलले, नळाबद्दल बदलले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल की, आता भाड्याच्या चाळी ओसरल्या, माणसे मालकीच्या सदनिकांत गेली, तेव्हा हा प्रश्न मिटला. तो मिटला नाही. त्याने घर बदलले. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यात असे लिहावे लागले की, इमारत सोसायटीच्या नावे होईपर्यंत पाण्याचे, विजेचे आणि कराचे देणे बांधणाऱ्याने भागवले पाहिजे. आणि पुढे त्याच कायद्यात अत्यावश्यक पुरवठा न तोडण्याचे कलमही घालावे लागले. म्हणजे मालकाच्या जागी बिल्डर आला, पण वहीतले एक नाव आणि नळावरची अनेक माणसे ही जोडी तशीच राहिली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी पाण्याचा आकार सदनिकेतल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर बसवला, आणि सेवाशुल्क सर्वांना सारखे ठेवले. भाडे, दिवे, नळ अशी मापे बदलत गेली. आणि प्रत्येक मापाने कोणावर तरी थोडा अन्याय केलाच. दोन माणसांच्या घरात नळ सहा असू शकतात, आणि नऊ माणसांच्या घरात दोन.

तर मग ह्या दीडशे वर्षांतून शिकावयाचे काय? आम्हांस तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, पूर्ण न्याय्य माप मिळेल ह्या आशेवर बसू नये. जे माप असेल ते आधी ठरलेले आणि लिहिलेले असावे. १९९९ च्या कायद्याने भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची, असे म्हटले आहे. तसे नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तेव्हा त्या करारात पाणी कोणाचे, वीज कोणाची, जिन्यातला दिवा कोणाचा, आणि वाटणी माणसांवर की खोल्यांवर, ह्या चार ओळी घालण्यात मालकाचेच हित आहे. दुसरी गोष्ट अशी की, बिल हा ज्याच्या नावाने येतो त्याचा खाजगी कागद नव्हे. जे त्याचे पैसे देतात, त्या सर्वांचा तो कागद आहे. नाव एकाचे आणि पैसा अनेकांचा, ही व्यवस्था ज्यांनी सोयीसाठी पत्करली, त्यांनी कागद दाखवण्याची गैरसोयही पत्करली पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. पैशाचा वाद पैशाने मिटवावा, पाण्याने नव्हे. थकलेला वाटा वसूल करण्यास नोटीस आहे, न्यायालय आहे. नळाची चावी हे वसुलीचे साधन नाही. भाडेकरूनेही हेच तत्त्व उलट बाजूने पाळावे. मालकाशी वाद आहे म्हणून पाण्याचा वाटा अडवून ठेवला, तर तोडलेला नळ शेजारच्या निरपराध बिऱ्हाडाचाही तुटतो.

हे सारे लहान वाटेल. परंतु ज्या घरात मुख्य दाराच्या आत, सर्वांना दिसेल अशा जागी, महिन्याचे बिल आणि त्याखाली प्रत्येकाच्या वाट्याचा आकडा लावलेला असतो, त्या घरात भांडणे होतच नाहीत असे नव्हे. ती लवकर संपतात, एवढे खरे. लोकशाहीचे शिक्षण कोठे मिळते असे आपण नेहमी विचारतो. आमच्या मते त्याचा पहिला धडा त्या भिंतीवरच्या कागदात आहे. सर्वांचा पैसा कोठे गेला हे सर्वांना वाचता यावे, इतकाच तो धडा.

आज रात्री घरी परत जाताना जिन्यात दिवा लागलेला असला, तर तो कोणाच्या मीटरवर जळतो आहे हे श्रोत्यांनी जरूर विचारावे. आणि तो लागलेला नसला, तर कोणाचा वाटा थकला आहे हे विचारण्यापूर्वी बल्ब आणून लावावा. हिशेब उजेडात केलेला बरा.